समईच्या उजेडात कॅमेरा बघायचा



आमच्या बस्तीच्या पंच कमिटीने यंदा चातुर्मास लागायच्या आत नवा व्हिडिओ कॅमेरा घ्यायचं ठरवलं. रोजचं प्रवचन, सणावारी पंचामृत अभिषेक, कोणाचं व्रताचं उद्यापन, असं सगळं टिपून ठेवायचं आणि जे म्हातारेकोतारे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांना घरी टीव्हीवर दाखवायचं. हेतू चांगलाच आहे. मीटिंगमध्ये एका तरुण सभासदाने दोन रंगीत माहितीपत्रकं पसरली. एकावर मोठ्या अक्षरात 'फोर के', दुसऱ्यावर 'फुल एचडी'. फोर के जास्त, म्हणून चांगला, आणि पैशातही फार फरक नाही, तेव्हा मंजूर करा, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हिशोब माझ्याकडे असल्यामुळे कागद सहीला माझ्यापुढे आला. मी म्हटलं, "गाभाऱ्यात समईच्या उजेडात हे दोन्ही कॅमेरे काय दाखवतात ते बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

थोडं हसू झालं. "काकू, कॅमेरा काय साडी आहे का, उजेडात धरून बघायला?" असंही कोणी तरी म्हणालं. खरं तर साडीच आहे. दुकानातल्या ट्यूबखाली जांभळी वाटणारी साडी घरी आणल्यावर तपकिरी निघते, हे आपल्यापैकी प्रत्येकीने एकदा तरी भोगलेलं असतं. म्हणूनच आपण साडी दुकानाच्या दारात नेऊन बघतो. कॅमेऱ्याच्या बाबतीत तेवढीही अक्कल आम्ही एकदा वापरली नव्हती. त्याची किंमत घरात अजून मोजली जाते.

माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीची दीक्षा झाली त्याला आता बरीच वर्षं झाली. आर्यिका दीक्षा म्हणजे काय, हे या पानावर येणाऱ्यांना सांगायला नको. सकाळी नवरीसारखी नटलेली, दागिन्यांनी मढलेली आपली पोर दुपारी एका पांढऱ्या साडीत, हातात पिच्छी आणि कमंडलू घेऊन उभी राहते, आणि त्या क्षणापासून ती आपली पोर राहत नाही, माताजी होते. आपण हात जोडायचे. तो दिवस पुन्हा येत नाही. दुसऱ्या दिवशी 'जरा पुन्हा एकदा' म्हणून लग्नातल्या फोटोसारखं काही करून घेता येत नाही.

दीर म्हणाले, व्हिडिओ आपलाच असला पाहिजे, बाहेरच्या माणसाचा नको. पुतण्या तेव्हा अमेरिकेहून आला होता, त्याने येताना हाय डेफिनिशन कॅमेरा आणला होता. तळहातावर मावणारा, चकचकीत. दुकानात त्याने तो मोठ्या टीव्हीला जोडलेला बघितला होता, फुलं आणि पोपट इतके खरे दिसत होते की त्याने लगेच घेतला. घरी आल्यावर आम्ही कॅमेऱ्याच्याच बोटभर पडद्यावर अंगणातली जास्वंद बघितली आणि खूश झालो. परीक्षा संपली. बी.कॉम.ला मला शिकवलं होतं की व्हाउचर तपासल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, पण त्या दिवशी मीसुद्धा पोपटावर भुलले.

दीक्षेचा मांडव लाल-पिवळ्या कापडाचा, बाजूने उघडा, वेळ भर दुपारची. त्या व्हिडिओत पोरीचा चेहरा आधी पूर्ण लालभडक आहे, कारण वरच्या कापडातून येणारा उजेडच लाल होता आणि कॅमेऱ्याला त्यातलं पांढरं काय ते ओळखता आलं नाही. मागे ऊन असल्यामुळे कॅमेऱ्याने उन्हाचा अंदाज धरला आणि माणसं काळी केली. केशलोच चालू असताना केस, कान, कपाळ सगळं एक काळा ठिपका. बायकांची बसायची जागा लांब, म्हणून पुतण्याने झूम ओढत ओढत नेला. भिंगाचा झूम संपला की कॅमेरा नुसतं चित्र ताणतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी चौकोनच चौकोन. मग पांढरी साडी आली. आता कॅमेरा काळ्या माणसांना उजळवण्याच्या नादात होता, त्यामुळे साडीची एकही घडी दिसत नाही, नुसता कोरा कागद आणि त्यावर एक गव्हाळ डाग. छायाचित्रकारांचे फ्लॅश उडाले की अर्धी चौकट पांढरी, अर्धी अंधारी. संध्याकाळच्या आरतीत तर दिव्यांचा उजेड सतत लपलपतोय, जणू वीज जाते-येते आहे. प्रत्यक्षात वीज गेली नव्हती.

साडेतीन तासांच्या त्या चित्रणात पोरीचा चेहरा नीट दिसतो तो एका ठिकाणी, चाळीसेक सेकंद. मांडवाच्या कडेला ती पाणी पिऊन उभी आहे, आणि ढग आल्यामुळे ऊन उतरलेलं आहे. दीर दरवर्षी दीक्षेच्या तिथीला तो व्हिडिओ लावतात. ते काही बोलत नाहीत. त्या चाळीस सेकंदांपाशी थांबवतात, आणि मग बंद करतात.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. नातवाला प्रश्न विचारून बेजार केलं, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका सज्जन माणसाकडे दोन-तीनदा जाऊन बसले. बाकी हिशोब मला येतोच. त्यातून माझं जे मत बनलं ते लिहिते. कोणाला पटेल, कोणाला नाही.

पहिली गोष्ट आकड्यांची. फुल एचडी म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, गुणाकार केला की 20 लाख 73 हजार 600. फोर के म्हणजे 3840 गुणिले 2160, बरोबर चौपट, साधारण 83 लाख. आपल्या जुन्या टीव्हीच्या काळात 720 गुणिले 576 होते, जेमतेम सव्वाचार लाख. तेव्हा फुल एचडी हीच पाचपट उडी होती, आणि ती डोळ्याला दिसली. पुढची चौपट उडी डोळ्याला तितकी दिसते का? आमच्या हॉलमधला टीव्ही 43 इंची आहे, आणि सोफा त्याच्यापासून दहा फुटांवर. त्या टीव्हीवर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. चांगल्या नजरेच्या माणसाला तो साधारण साडेपाच-सहा फुटांपर्यंत वेगळा कळतो, त्यापलीकडे नाही. ज्यांच्यासाठी आपण हे चित्रण करणार त्या आजींची एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची आहे. 83 लाखांतले 62 लाख ठिपके त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. फोर के वाईट आहे असं मी म्हणत नाही. नंतर चित्र कापून जवळून दाखवायचं असेल तर ते ठिपके कामी येतात, आणि पुढे मोठे पडदे येतील. पण 'जास्त ठिपके म्हणून चांगलं चित्र' हे वाक्य चुकीचं आहे. वहीची पानं जास्त म्हणून आत लिहिलेलं बरोबर, असं होत नाही.

चित्र चांगलं-वाईट ठरतं ते उजेड किती आत येतो त्यावर. कॅमेऱ्यात भिंगामागे एक चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. पाऊस पडताना वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साठेल, तसं ते आहे. छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर नखाएवढा, किंवा त्याहून लहान. 'एक इंची' म्हणतात तो प्रत्यक्षात एक इंच नसतोच, 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटर असतो. (नाव एक आणि माप दुसरं, हा व्यापाऱ्यांचा धर्म सगळीकडे सारखाच.) 1/2.3 इंची म्हणतात त्याच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ सुमारे चौपट. म्हणजे त्याच भिंगाने, त्याच खोलीत, चौपट मोठी परात. आणि लहान परातीचेच चौपट कप्पे पाडले, की प्रत्येक कप्प्यात पाणी अजून कमी. म्हणून लहान सेन्सरवर फोर के असेल तर अंधारात तो फुल एचडीपेक्षाही मार खाऊ शकतो.

उजेड कमी पडला की कॅमेरा काय करतो? आलेला क्षीण संकेत विजेने फुगवतो. त्याबरोबर आतला खरखराटही फुगतो, आणि पडद्यावर मुंग्या येतात. आमच्या मूळनायक पार्श्वनाथांची मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. काळ्यावर मुंग्या सगळ्यात जास्त दिसतात. कॅमेऱ्यालाही त्याची लाज वाटते म्हणा, तो मग मुंग्या पुसायला जातो आणि त्याबरोबर सगळं बारीक काम पुसून टाकतो. फण्याच्या रेघा जातात, ओठावरचं स्मित जातं, बसलेल्या आज्जींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात आणि चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. काही कॅमेरे त्यावर आणखी धार चढवतात, मग प्रत्येक कडेला एक पांढरी बारीक रेघ उमटते. दुकानात ही धार 'काय क्लिअर दिसतंय' म्हणून खपून जाते. माहितीपत्रकावर 'किमान इतके लक्स' म्हणून आकडा असतो, तोही बघून फसू नये. तेवढ्या उजेडात काहीतरी उमटेल, एवढंच तो सांगतो. काय उमटेल ते सांगत नाही, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढते.

आता कोणी म्हणेल, उजेड कमी पडतो ना, मग हॅलोजन लावा. सगळे तेच करतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही तेच झालं, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे.

चातुर्मास म्हणजे आषाढ ते कार्तिक. साधूसाध्वी एका जागी का थांबतात? पावसात जमिनीवर, गवतावर जीवजंतू फार होतात, पायाखाली हिंसा होऊ नये म्हणून. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, पाणी गाळून पितो, पानं आणि कंद सोडतो. आणि त्याच चार महिन्यांत, संध्याकाळच्या आरतीला, चित्र नीट यावं म्हणून आम्ही पाचशे-पाचशे वॅटचे दोन हॅलोजन खांबांना टांगले होते. पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी पंखवाले किडे कसे येतात ते तुम्हाला माहीत आहे. पतंग म्हणजे चतुरिंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेतल्या पोरांना शिकवतो. सकाळी मी आणि आणखी दोघी झाडू घेऊन गेलो, तेव्हा हॅलोजनखाली सूपभर पंख आणि मेलेले किडे पडले होते. प्रवचन त्या आठवड्यात अहिंसाणुव्रतावर होतं. त्याचं चित्रण मात्र छान आलं होतं.

कोणी लगेच म्हणेल की समईवरही किडे येतात. येतात. म्हणून तर आम्ही समईला काचेची चिमणी घालतो, आणि पावसाळ्यात वाती कमी ठेवतो. पण दोन वातींचा उजेड आणि हजार वॅटचा उजेड यात फरक करायचा नाही, असं तर कोणी म्हणणार नाही.

तर माझं मत हे. इतरांसाठी 'कमी उजेडात चांगलं दिसणं' हा कॅमेऱ्याच्या पंधरा गुणांतला एक गुण असेल. आपल्या घराला आणि बस्तीला तो पहिला गुण आहे. बाकीचे त्यानंतर. ज्या कॅमेऱ्याला आहे त्या उजेडात मूर्ती आणि माणूस दिसतो तोच आपला. ज्याला चित्रासाठी हॅलोजन लागतो तो कितीही लाख ठिपक्यांचा असो, आपला नाही. गंमत अशी की जुन्या फोटोंच्या रोलवर जिलेटिनचा थर असायचा, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. सासरे म्हणूनच देवळात फोटो काढू देत नसत. आम्ही त्यांना कर्मठ म्हणायचो. डिजिटल आल्यावर तो प्रश्न सुटला, आणि आम्ही हॅलोजन टांगून दुसरा निर्माण केला.

पुढचा मुद्दा वाहत्या पाण्याचा. कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढं नोंदवतो, म्हणजे रोजची खतावणी नव्याने न लिहिता फक्त नव्या नोंदी करायच्या. माणूस स्थिर बसून प्रवचन देत असेल तर नोंदी थोड्या, काम चोख. पण अभिषेकाला कलशातून दूध, उसाचा रस, पाणी धार धरून पडायला लागलं, वरून फुलं उधळली, की क्षणाक्षणाला सगळंच बदलतं. नोंदवायला जागा पुरली नाही की कॅमेरा गडबडतो आणि दुधाच्या धारेचे चौकोनी तुकडे होतात. ती जागा म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. 2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत फुल एचडीला कमाल 24 असायचे, पुढे सेकंदाला पन्नास पूर्ण चौकटींसाठी 28 झाले. पण त्याच कॅमेऱ्यात 'जास्त वेळ' नावाची एक सोय असते, ती लावली की हा आकडा खूप खाली येतो. कार्ड वाचवायला लोक तीच लावून ठेवतात आणि मग कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

24 मेगाबिटचा हिशोब घरी करून बघा. आठाने भागलं की सेकंदाला 3 मेगाबाइट, तासाला सुमारे 11 जीबी. 32 जीबीच्या कार्डात पावणेतीन-तीन तास. फोर के 100 मेगाबिटने घेतलं तर तासाला 45 जीबी. रोज एक तास प्रवचन, चार महिने, म्हणजे 120 तास. पहिल्या पद्धतीने साधारण 1300 जीबी, दुसऱ्या पद्धतीने 5400. आणि एक प्रत बिघडली तर दुसरी असावी म्हणून दुप्पट. हे दरवर्षी. हार्ड डिस्कची चळत कोण सांभाळणार, आणि त्यातलं कोण बघणार? परिग्रह फक्त सोन्याचाच असतो असं नाही. माझं मत, रोजचं प्रवचन फुल एचडी, आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारा महत्त्वाचा प्रसंग सगळ्यात वरच्या दर्जाने.

आता त्या लपलपणाऱ्या आरतीचं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही. सेकंदाला 50 किंवा 25 चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चौकटीत तेवढेच ठोके पडतात, ताळा जुळतो. पुतण्याचा कॅमेरा अमेरिकेचा, तिथे वीज 60 हर्ट्झची, म्हणून तो 60 च्याच हिशोबाने बांधलेला. शंभराला साठने भागा, बाकी उरते. ती बाकी म्हणजे लपलप. शटर हाताने 1/100 वर ठेवलं असतं तर बरंच वाचलं असतं, हे नंतर कळलं. मुलं परदेशातून कॅमेरा आणणार असतील तर त्यात 50 आणि 25 ची सोय आहे ना, एवढं आधी विचारा. रंगाचंही तसंच. मांडवाचं कापड लाल असेल तर सुरुवातीला एक स्वच्छ पांढरा पंचा त्याच उजेडात कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि 'हे पांढरं' असं त्याला बटण दाबून सांगायचं. एक मिनिटाचं काम. आमच्या पोरीचा चेहरा त्या एका पंच्यासाठी लाल राहिला.

दुकानातल्या टीव्हीबद्दल थोडक्यात सांगते. तिथले टीव्ही मुद्दाम भडक रंगावर आणि पूर्ण उजेडावर लावलेले असतात, आणि त्यावर चालू असलेलं चित्रण कंपनीने भर उजेडात, मोठ्या तयारीने केलेलं असतं. ते बघून कॅमेरा निवडणं म्हणजे केटररच्या अल्बममधलं ताट बघून पंगत ठरवणं. आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

"मोबाईल आहे की, कॅमेरा कशाला?" हा प्रश्न मीटिंगमध्येही आला. घरच्या घरी नातवंडांचं काढायला मोबाईल पुरे, मीही तोच वापरते. पण दीड तास सलग, स्टँडवर, लांबून, फोन न येता आणि तापून बंद न पडता चित्रण करायचं तर खऱ्या भिंगाचा झूम आणि बाहेरचा माइक लावायची जागा लागते. प्रवचनात अर्ध्याहून जास्त किंमत आवाजाची आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आणखी एक आक्षेप माझ्या जावेनेच घेतला, आणि तो मला आजही टोचतो. ती म्हणाली, "पोरगी सगळं सोडून गेली, आणि तुम्ही तिचा चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून झुरताय. हा मोहच ना, वहिनी?" ती आई आहे, आणि तिने तो व्हिडिओ एकदाही बघितलेला नाही. तिच्याशी वाद घालायची माझी योग्यता नाही. मी इतकंच म्हणाले की जिनबिंब आपण का घडवतो, ते डोळ्यांपुढे असलं की मन ठिकाणावर येतं म्हणून. त्या दिवशी पोरीच्या चेहऱ्यावर जी शांती होती ती मी डोळ्यांनी बघितली आहे. पाठशाळेतल्या मुलींना ती दाखवायची होती. लाल डाग दाखवून काय सांगू? जाऊ काही बोलली नाही. तिचं बरोबर असेलही.

तर मग आमच्या मीटिंगचं काय झालं ते सांगते. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन्ही माहितीपत्रकांतले कॅमेरे आम्ही एका शनिवारी भाड्याने आणले. फुल एचडीवाला मोठ्या सेन्सरचा, फोर केवाला लहान सेन्सरचा पण झूम लांब. पहाटेच्या अभिषेकाला दोन्ही शेजारी-शेजारी स्टँडवर. गाभाऱ्यात फक्त समई. नंतर दारातल्या उन्हात अर्धी सावलीत अर्धी बाहेर अशी एक पांढरी साडी नेसलेली बाई उभी केली, ती मीच. गाळलेल्या पाण्याची धार, नक्षीदार खांबावरून सावकाश फिरवलेली नजर, आणि शेवटी सर्वांत मागे बसलेल्या आज्जींचा चेहरा पूर्ण झूम करून, भिंगाच्याच झूमने. सगळं दोन-दोन मिनिटांचं.

दुपारी आमच्या हॉलमध्ये त्याच टीव्हीवर, त्याच रंगात, पडदे ओढून दोन्ही लावले. कोणतं कुठल्या कॅमेऱ्याचं ते फक्त नातवाला माहीत. चिठ्ठीवर 'अ' किंवा 'ब' लिहायचं. सात जण होतो. दारातल्या उन्हात दोन्ही जवळजवळ सारखे, उलट 'ब' थोडा जास्त रेखीव. मागच्या आज्जींच्या चेहऱ्यालाही 'ब' पुढे, त्याचा झूम लांब पोचला. पाण्याच्या धारेला फारसा फरक नाही. गाभारा लागला तेव्हा 'ब' मध्ये भगवंतांच्या मूर्तीवर मुंग्या आणि मागची प्रभावळ गायब. 'अ' मध्ये फण्याचे सातही मुख मोजता आले. आमचे उपाध्ये रोज पहाटे त्या मूर्तीला हात लावतात. ते खुर्चीवरून पुढे सरकले आणि म्हणाले, "डाव्या खांद्यावरचा तो टवका दिसतोय. तो मी सोडून कोणाला माहीत नाही." चिठ्ठ्या उघडल्या, सहा 'अ', एक 'ब'. 'ब' त्या तरुण सभासदाची होती, आणि त्याने कारणही लिहिलं होतं: लांबचा झूम. ते कारण खोटं नव्हतं.

म्हणून तडजोड अशी झाली की 'अ' घ्यायचा, पण झूम कमी पडतो तेवढा कॅमेराच पुढे न्यायचा. बायकांच्या बाजूच्या दुसऱ्या खांबापाशी स्टँड राहील. तिथे बसणाऱ्यांनी दोन सतरंज्यांची जागा सोडावी, आणि आरतीच्या वेळी कॅमेऱ्यासमोरून ताट घेऊन जाऊ नये. बिलावर मी मंगळवारी सही केली. हॅलोजनचे दोन्ही दिवे उतरवून कोठीत ठेवलेत, वायरी गुंडाळून. पहिल्या दिवशीच्या प्रवचनाआधी कॅमेऱ्यासमोर पांढरा पंचा धरायचं काम दिरांनी मागून घेतलं आहे.